गोलूच्या पायरीवरील जांबुवंत

कुंभकोणमहून तंजावरच्या वाटेला लागले, की थोड्याच अंतरावर तिरुवलंचुळी हे गाव येते. तमिळ भाषेत ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘चुळि’ म्हणजे वळसा किंवा भोवरा. कावेरी येथे उजवीकडे वळते, म्हणून गावास हे नाव मिळाले. येथील श्वेतविनायक दक्षिणेत फार प्रसिद्ध आहे. समुद्रमंथनाच्या वेळी देवांनी सागराच्या फेसापासून ही मूर्ती घडविली, अशी भाविकांची श्रद्धा असून त्यामुळेच तिला पाण्याचा अभिषेक घालीत नाहीत.

फेसासारख्या नाजूक वस्तूतून रूप घडवावे, ही कल्पना ह्या मुलुखाला शोभणारीच आहे. जवळच्याच स्वामिमलै गावातील स्थपती आधी मेणाची मूर्ती घडवितात, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे लेप देतात आणि मेण वितळून गेल्यावर त्या पोकळीत धातूचा रस ओततात. तंजावरच्या मान डोलविणाऱ्या बाहुल्या तर कागदाच्या लगद्याच्या आणि मातीच्या. त्यांतील गोल बुडाच्या राजाराणीला कितीही ढकला, तळ जड असल्यामुळे ती पुन्हा ताठ उभी राहतात! ह्या बाहुल्यांना आता भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षणही लाभले आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापिले, ते १८५५ मध्ये संपुष्टात आले. परंतु मराठी बोलणारी घराणी त्या परिसरात अद्यापि नांदत आहेत. तेव्हा मराठी वाचकांना हा मुलूख अगदीच परका वाटू नये.

वाचक भगिनींनो, ह्या प्रदेशातील ज्या एका चालीकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे, ती म्हणजे नवरात्रातील ‘गोलू’. आपल्याकडे चैत्रगौरीपुढे जशी आरास करतात, तशी तेथे घरात पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात. वरच्या पायऱ्यांवर देवदेवता, मधल्यांवर संतमंडळी आणि लग्नाच्या वऱ्हाडासारखे प्रसंग, तर अगदी खाली मुलांनी मांडलेले गाव, बाग किंवा अरण्य. दरवर्षी निदान एक तरी नवी बाहुली मांडावी असा प्रघात आहे. शेजारपाजारच्या स्त्रिया एकमेकींचा गोलू पाहावयास जातात, हळदकुंकू घेतात, उसळीचा प्रसाद खातात आणि ओघानेच विचारतात, “ही कशी हो केलीत?” हा प्रश्न आणि त्याला मिळणारे मोकळे उत्तर, ह्यांवरच घरगुती कला जगत आली आहे.

यंदाची नवी बाहुली आपण घरीच केली तर? आणि ती खालच्या पायरीवरील अरण्यात शोभणारे कापडी अस्वल असेल तर? रामकथेतील जांबुवंताला रामपंचायतनाच्या खाली जागा मिळणे योग्यच आहे. नवरात्र संपल्यावर मूल त्याला कुशीत घेऊन झोपेल, हा लाभ निराळाच.

एका नमुन्याची कथा

कापडी अस्वल आज जगभर ‘टेडी’ ह्या नावाने ओळखले जाते. त्याच्या जन्मकथेत एका मासिकाच्या पानाचा वाटा आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. जर्मनीतील गिंगेन गावी १८४७ साली मार्गारेट श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असताना पोलिओने तिचे पाय गेले आणि उजवा हातही दुर्बळ झाला. तरीही ती शिवणकाम शिकली आणि नमद्याच्या कपड्यांचा छोटासा व्यवसाय तिने उभारला. ८ डिसेंबर १८७९ च्या ‘मोडनवेल्ट’ ह्या मासिकात तिला कापडी हत्तीचा एक नमुना आढळला. त्यावरून तिने टाचण्या खोचण्यासाठी लहान लहान हत्ती शिवले. मुलांनी ते टाचण्यांसाठी राहूच दिले नाहीत, खेळावयासच घेतले! त्या हत्तीमागून खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला.

मार्गारेटचा पुतण्या रिखार्ड ह्याने १९०२ मध्ये हातपाय हलणारे ५५ सेंटीमीटर उंचीचे अस्वल तयार केले. पुढील वर्षीच्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने तशी ३,००० अस्वले मागविली, आणि १९०७ मध्ये तर त्या कारखान्यातून सुमारे पावणेदहा लाख अस्वले बाहेर पडली.

त्याच सुमारास अमेरिकेत दुसरी घटना घडली. नोव्हेंबर १९०२ मध्ये मिसिसिपीच्या रानात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीस गेले असता, त्यांच्यासाठी एक अस्वल झाडाला बांधून ठेवण्यात आले. बांधलेल्या प्राण्यावर गोळी झाडण्याचे त्यांनी नाकारले. त्यावर १६ नोव्हेंबर रोजी क्लिफर्ड बेरीमन ह्यांचे व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. ते पाहून ब्रुकलिनमधील मिठाईचे दुकानदार मॉरिस मिचटम आणि त्यांची पत्नी रोझ ह्यांनी कापडी अस्वल शिवून दुकानात ठेवले. ‘टेडी’ हे नाव रूझवेल्ट ह्यांच्याच टोपणनावावरून पडले.

बांधलेले अस्वल आपणांसही अपरिचित नाही. नाकात दोरी ओवून दारोदार नाचविले जाणारे दरवेशाचे अस्वल वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्या प्रथेस बंदी आली. प्रत्यक्षात ती मोडावयास मात्र आणखी कित्येक वर्षे लागली. तेव्हा आपल्या जांबुवंताच्या नाकात वेसण आणि गळ्यात साखळी नको. तो मोकळाच बरा.

आपले देशी अस्वल

टेडी म्हटले की तपकिरी रंग डोळ्यांपुढे येतो. परंतु आपल्या रानातील अस्वल काळेभोर आणि झिपरे असते. त्याचे मुस्कट लांब व फिकट, आणि छातीवर पांढुरकी, इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘वाय’ अक्षरासारखी खूण. वाळवी, मध आणि मोहाची फुले हे त्याचे आवडते खाद्य. आणखी एक गोड विशेष असा, की अस्वलीण आपली पिले पाठीवर घेऊन फिरते. म्हणून आई आणि पाठीवरचे पिल्लू अशी जोडी केल्यास खेळण्याला देशी रूप येईल.

साहित्य आणि बेतणे

काळ्या फलालिनीचे किंवा जुन्या मऊ गरम कापडाचे अर्धा मीटर कापड, मुस्कटासाठी व छातीसाठी फिकट तुकडा, मजबूत दोरा, जाड भरतकामाचा दोरा, अंगुस्तान, टाचण्या आणि भरण्यासाठी कापूस एवढे साहित्य पुरे. कापूस आधी दोन दिवस कडक उन्हात घालावा. कावेरीकाठ काय किंवा कोकण काय, दमट हवेत ओलसर कापूस भरला की महिन्याभरात कुबट वास येऊ लागतो. कापडही आधी धुऊन घ्यावे, कारण मूल खेळणे तोंडात घालणारच. कच्चा रंग निघून गेलेला बरा.

पुढील मापांत शिवणीसाठी अर्धा सेंटीमीटर धरलेला आहे. ती घेऊन जाड कागदावर नमुना काढावा: धडाचे २ तुकडे, १४ × ११ सेंटीमीटर, पेरूच्या आकाराचे, डोक्याच्या बाजू २, प्रत्येकी १० × ९, पुढे मुस्कट काढलेल्या, हात ४ तुकडे, ११ × ५, पाय ४ तुकडे, उंची १२, वर रुंदी ६ आणि खाली पावलाशी ८, तळवे २, साडेसहा × साडेचार, लंबगोल, कान ४ तुकडे, ५ × ४, आणि डोक्याच्या मधली पट्टी १. एकूण तुकडे १९ होतात. ही पट्टी नाकापासून कपाळावरून मानेपर्यंत जाते. डोक्याच्या तुकड्याच्या कडेवर नाकापासून मानेपर्यंत दोरा ठेवून पट्टीची लांबी ठरवावी. रुंदी नाकाशी २, कानांशी ६ आणि मानेशी ३ सेंटीमीटर ठेवावी. चेहऱ्याला गोलाई येते ती ह्या पट्टीमुळेच. ती नसेल तर अस्वलाचा मासा होतो.

कापड बेतताना दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. कापडाची लव सर्व तुकड्यांवर वरून खाली यावी. आणि जोडीचा एक तुकडा कापल्यावर दुसऱ्यासाठी नमुना उलटा ठेवावा, नाही तर दोन्ही हात एकाच बाजूचे होतात.

शिवणे आणि भरणे

तुकडे जोडण्यापूर्वीच मुस्कटाच्या भागावर आणि छातीवर फिकट कापड शिवून घ्यावे. नंतर सुलट्या बाजू आत ठेवून बारीक उलटी टीप घालावी. साधा धावदोरा भरण्याचा ताण सोसत नाही. भरण्यासाठी व सुलटे करण्यासाठी प्रत्येक भागास थोडी जागा उघडी ठेवावी. वळणांवर टिपेपर्यंत न पोहोचणारे लहान काप द्यावेत, म्हणजे सुलटे केल्यावर चुण्या पडत नाहीत.

कापूस भरताना घाई करू नये. मोठा बोळा कोंबला की गाठी होतात. चिमूट चिमूट कापूस विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने सारावा आणि आरंभ मुस्कटापासून करावा. मान मात्र घट्ट भरावी, कारण खेळण्याची मान प्रथम ढिली पडते. बसते अस्वल हवे असल्यास तंजावरच्या बाहुलीचा धडा घ्यावा: बूड जड आणि घट्ट, वरचा भाग हलका. जडपणासाठी धान्य वा खडे मात्र भरू नयेत. धान्याला कीड लागते, आणि शिवण उसवली तर दाणा मुलाच्या घशात जाऊ शकतो.

कान शेवटी लावावेत, तेही आधी टाचणीने लावून पाहून. कान वर लावले तर अस्वल सावध दिसते, थोडे खाली आणि बाजूस घेतले तर भोळे. डोळे मुस्कटाजवळ थोडे खालच्या बाजूला काढले, की चेहरा बाळासारखा दिसतो. मन मानेल ती जागा ठरली, म्हणजे पक्के टाके घालावेत आणि लावलेली प्रत्येक टाचणी मोजून परत काढून घ्यावी.

येथे एक सूचना आग्रहाने करावयाची आहे. तीन वर्षांखालील मुलासाठी बटणाचे डोळे कधीही लावू नयेत. बटण कितीही घट्ट शिवले तरी मूल ते चावून सैल करते, आणि श्वासात अडकलेले बटण जिवावर बेतते. डोळे व नाक दोऱ्यानेच भरावे. पिल्लू निम्म्या मापाने शिवून आईच्या पाठीवर टाक्यांनीच पक्के करावे. लांब फिती व नाड्या लावू नयेत. घरच्या हौसेपुढे जाऊन विक्री करण्याचा विचार असेल, तर २०२० चा खेळण्यांच्या गुणवत्तेसंबंधीचा सरकारी आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, हे जाणून घ्यावे. त्यात नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सवलत ठेवलेली आहे.

नमुना दडवू नये

आपल्याकडे अनेक घरांत एखादी आजी किंवा आत्या चिंध्यांची अशी बाहुली करी, की तशी पुन्हा कोणाला जमली नाही. का? तिने तो बेत कागदावर उतरविला नाही आणि कोणी तिला विचारलेही नाही. एक माणूस गेले आणि त्याच्याबरोबर एक कला गेली. उलट पक्षी, एका जर्मन मासिकाने हत्तीचा नमुना छापला, तो एका अपंग शिवणकाम करणारीच्या हाती पडला आणि जगातील लक्षावधी मुलांना सोबती मिळाला.

म्हणून अस्वल तयार झाल्यावर कागदी नमुना टाकून देऊ नये. त्यावर तुकड्यांची नावे, संख्या आणि लवेच्या दिशेचा बाण लिहावा. काय चुकले आणि ते कसे सुधारले, हेही मागच्या बाजूस टिपून ठेवावे. नवशिक्या मैत्रिणीस त्याचाच अधिक उपयोग होतो. हळदीकुंकवास येणाऱ्या चौघींना त्याच्या प्रती द्याव्यात आणि त्यांच्या युक्त्या आपण मागून घ्याव्यात. कोणी कापसाऐवजी बारीक कातरलेल्या चिंध्या भरील, कोणी खादीचे अस्वल करील, कोणी त्याच नमुन्याचे कान मोठे करून सोंड जोडील आणि हत्ती घडवील. घरोघरी अस्वले निराळी होतील, आणि ती तशी व्हावीत यातच आनंद आहे.

नवरात्राला अवकाश असेल तर आजच कागद आणि कात्री घेऊन बसावे. मुलांनाही सोबत घ्यावे. कापूस पिंजणे आणि तुकडे मोजणे ही कामे त्यांना आवडतात. स्वतःच्या हाताचा ज्यात भाग आहे, ते खेळणे मूल सहसा मोडीत नाही.