हलगीच्या दोन बाजू

जेऊरच्या शिवारात 'फेज' हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. थ्री फेज कधी येतोय त्यावर उसाचं पाणी ठरतं. मोटार उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. रेकॉर्डिंगमध्ये हाच शब्द आला की मात्र भलेभले गोंधळतात. कारण स्टुडिओत 'फेज उलटा कर' असं जे म्हणतात, त्याचा फेजशी बहुतेक वेळा संबंधच नसतो.

माझ्या डोक्यातला हा गुंता हलगीने सोडवला. जेऊर स्टेशनच्या अलीकडच्या एका वस्तीवर मी हलगी ध्वनिमुद्रित करत होतो. वाजवणाऱ्या काकांनी पाचटाच्या जाळावर कातडं शेकून ताणून घेतलं होतं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचीक काडी. एक माइक मी हलगीच्या पुढे लावला, दुसरा मागे, कड्याच्या उघड्या बाजूला. एकेक ऐकला तर दोन्ही झकास. दोन्ही एकत्र केले आणि हलगीतला घुमारा गेला. उरली ती नुसती पत्र्यावर काडी मारल्यासारखी टणटण. काकांनी हेडफोन कानाला लावला आणि लगेच काढून माझ्या हातात दिला. "ही काय माझी हलगी न्हाई."

त्यांचं बरोबर होतं. टिपरू पडलं की कातडं आत दबतं, म्हणजे पुढच्या माइकपासून लांब जातं आणि मागच्या माइककडे येतं. पुढे हवा विरळ होते त्याच क्षणी मागे ती दाबली जाते. एक माइक 'उणे' सांगतो तेव्हा दुसरा 'अधिक' सांगतो, आणि बेरीज केली की घुमारा वजा होतो. ही झाली पोलॅरिटी. मराठी परिभाषेत ध्रुवता. इथे वेळेचा प्रश्नच नाही. लाट फक्त उलटी पडलेली असते. मिक्सरवर शून्यावर तिरपी रेघ मारलेलं जे बटण असतं ते हीच लाट पुन्हा सुलटी करतं. मागच्या माइकचं ते बटण दाबलं आणि घुमारा परत आला.

पण काका अजून खूश नव्हते. काडीचा आवाज त्यांना 'डब्यातून आल्यागत' वाटत होता. इथे खरा फेज सुरू होतो. भौतिकशास्त्राच्या मराठी परिभाषेत त्याला 'कला' म्हणतात, चंद्राच्या असतात तशी: फिरत्या चक्रात आत्ता आपण कुठवर आलोय ते सांगणारी. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. माझा पुढचा माइक कातड्यापासून वीतभर होता, मागचा त्याहून साधारण १७ सेंटिमीटर लांब. म्हणजे मागच्या माइकवर आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचत होता. घुमाऱ्याच्या १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास. तिला १७ सेंटिमीटर म्हणजे किस झाड की पत्ती. १००० हर्ट्झच्या लाटेला मात्र तेच अंतर बरोबर अर्ध्या लाटेएवढं पडतं. तिथे दोन लाटा एकमेकींना खोडतात आणि आवाजात खड्डा पडतो, पुन्हा ३००० ला खड्डा, ५००० ला खड्डा. बटण न दाबता ठेवलं तर हेच खड्डे २००० आणि ४००० ला सरकतात, वर घुमाराही जातो. बटण खड्ड्यांची जागा बदलतं, खड्डे बुजवत नाही. बुजवायचे तर उठून माइक हलवावा लागतो.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गाइसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करत होते तेव्हा ही कटकट नव्हती, कारण गाणारा एका भोंग्यात गायचा आणि आवाज एकाच वाटेने सुईपर्यंत जायचा. दुसरा माइक आला की हे दुखणं आलं. १९३१ मध्ये ॲलन ब्लुमलाइन यांनी लंडनला स्टिरिओचं पेटंट दाखल केलं. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडीत दोन माइक एकाच जागी, फक्त तोंडं वेगळ्या दिशांना. दोघांपर्यंत आवाज एकाच वेळी पोचतो, मग भांडण कसलं?

वाद्यवृंदात एवढी सोय नसते. जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' चित्रपटासाठी (२०१६) अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला तो लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर. एवढ्या मोठ्या दालनात मुख्य माइक साधारणपणे संचालकाच्या डोक्यावर टांगतात आणि वाद्यांजवळ वेगळे ठेवतात. पितळी वाद्यं मुख्य माइकपासून दहा मीटरवर असली तर त्यांचा आवाज तिथे जवळच्या माइकपेक्षा जवळजवळ २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. बटणाचा इथे काडीचा उपयोग नाही; एक तर जवळच्या माइकला तेवढा उशीर द्यायचा, नाहीतर त्याचा आवाज बेताचाच ठेवायचा.

पोलॅरिटीचा घोळ वायरीतही होतो, आणि वरातीत तो माइकपेक्षा जास्त भेटतो. दोन बेस स्पीकरपैकी एकाची लाल-काळी वायर उलटी लागली की एकाचा कोन पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. मधोमध उभं राहिलं तर बेस गायब, आणि मालक ॲम्प्लिफायरला शिव्या देतो. तपासायला पेन्सिल सेल पुरतो: सेलचं अधिक टोक स्पीकरच्या लाल टोकाला, उणे काळ्याला, क्षणभर टेकवा, कोन बाहेर यायला हवा. माइकच्या तीन पिनांच्या केबलमध्येही दोन आणि तीन नंबरच्या तारा एकाच टोकाला उलट्या डागलेल्या असल्या की तोच प्रकार.

आणि आपलं रेकॉर्डिंग शेवटी ऐकलं जातं ते पुष्कळदा मोबाइलच्या एकाच स्पीकरवर. तिथे डावं-उजवं एकत्र होतं. दोन्ही बाजू एकमेकींच्या उलट्या असल्या तर मधला गायकच नाहीसा होतो. गाण्यातून गळा काढून कराओके करण्याची जुनी युक्ती हीच. म्हणून काम संपवण्याआधी मोनोचं बटण दाबून एकदा ऐकाच.

त्या दिवशी मागचा माइक मी तीनदा सरकवला. प्रत्येक वेळी काका दोन ठेके वाजवायचे, हेडफोन लावायचे, मान हलवायचे. चौथ्यांदा मी तो बंदच केला आणि पुढचा थोडा कडेला घेतला. काका म्हणाले, "आता हाय." माझ्याकडे जी फाइल आहे त्यात एकच माइक आहे.