सांभाळणाऱ्याचे नाव

ऐन मे महिन्यात जळगावला आमच्या इमारतीची पाण्याची मोटार बंद पडली. पेटीवर दुरुस्ती करणाऱ्याचे नाव आणि फोन नंबर लाल रंगात ठळक रंगवलेला. लावून पाहिला, तर तो नंबर केव्हाच बंद झालेला! त्या उन्हात तीन मजले बादल्या वाहिल्या.

संगणकावर हीच गत होऊ नये म्हणून एक साधी सोय असते. १९९३ साली सुरू झालेल्या ‘डेबियन’ या मोफत प्रणालीत प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पॅकेजसोबत नोंदपत्र असते. त्यात ‘मेंटेनर’ हा रकाना भरावाच लागतो : नाव आणि ई-मेलचा पत्ता. हा मूळ लेखकच असतो असे नाही. चूक कळवली तर दखल घेणारा तो. पॅकेज एखाद्या गटाच्या नावावर असले, तरी निदान एका हाडामांसाच्या माणसाचे नाव द्यावेच लागते. सांभाळणारा काम सोडून गेला, की त्या पॅकेजला चक्क ‘पोरके’ म्हणून जाहीर करतात!

कर्ता आणि सांभाळणारा यांतला हा फरक खानदेशाला नवा नाही. जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी त्यांच्या ओव्या उतरवून ठेवल्या, म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली गेले. त्यांनी वणवण करून जमवलेली कागदपत्रे त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने जपली. कर्त्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी. जपणारे हात किती जणांना ठाऊक?

मात्र रकाना भरला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. असंख्य संगणकांत असणारे ‘एक्सझेड’ हे सॉफ्टवेअर लासे कॉलिन हा फिनलंडचा गृहस्थ वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळत होता. तो थकला, तेव्हा ‘जिया तान’ नावाने कुणी मदतीला आला, दोनेक वर्षांत विश्वास कमावून बसला आणि २०२४ साली त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेने आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो पकडला. रकान्यात नाव होते. त्या नावामागचा माणूस कोण, हे आजही कळलेले नाही. एकट्या माणसावर सगळा भार टाकून आपण निर्धास्त झोपलो, की असेच व्हायचे.

आमच्या मोटारीच्या पेटीवर आता दोन नावे आहेत. आणि दर गुढीपाडव्याला दोन्ही नंबर लावून पाहायचे, असे ठरले आहे.