राजवाडा पाहा, पण छावणी चुकवू नका

पॅरिसच्या ईशान्येस सुमारे ८० किलोमीटरवर, मोठ्या जंगलाला लागून कॉम्पियेन्य हे जुने शहर आहे. पॅरिसला कधी जाणे झालेच तर एक दिवस या शहरासाठी राखावा. आगगाडीची सोय आहे.

मुलांना आधी पंधराव्या लुईने नव्याने बांधवलेला राजवाडा दाखवा. मग जंगलातली ती मोकळी जागा पाहा. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी तेथे रेल्वेच्या डब्यात जर्मनीने युद्धविरामावर सही केली. २२ जून १९४० रोजी हिटलरने फ्रान्सला त्याच डब्यात सही करायला लावली. तो डबा पुढे नष्ट झाला. संग्रहालयात आहे तो त्याच बनावटीचा दुसरा. सुडातून शांतता येत नाही, हे मुलांना येथे समजावून सांगावे.

शेवटी रोयालियची छावणी. १९४१ ते १९४४ या काळात ज्यू, कम्युनिस्ट, कामगार पुढारी अशा हजारो माणसांना येथे कोंडून आऊशवित्झ, बुखेनवाल्डसारख्या छळछावण्यांत धाडले गेले. २००८ साली येथे स्मारक झाले. त्यांची नावे तेथे भिंतीवर आहेत. राजांची नावे शाळेच्या पुस्तकातही मिळतात. ही नावे मात्र तेथे उभे राहूनच वाचावीत.