दहा गुणांचा अनुभव

'अभिज्ञतार दश नंबर बातिल करो.' पुठ्ठ्यावरची बंगाली अक्षरं मी जुळवते आहे, तोवर मामा ती घडाघड वाचून दाखवतात. अनुभवाचे दहा गुण रद्द करा. पुठ्ठा धरणारी मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. कलकत्त्यात राणी रासमणी अॅव्हेन्यूच्या तोंडाशी, पोलिसांच्या लोखंडी कठड्यांच्या आत, वर्तमानपत्रं अंथरून तिच्यासारखी पंचवीस-तीस मुलंमुली बसली आहेत. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. दहावीपासून बीएडपर्यंतचे सगळे कागद तिच्यात असणार. अशा फाइली मी पुण्यातही शेकड्यांनी पाहिल्या आहेत.

पाठीमागे धर्मतल्याच्या बसतळावर कंडक्टर गावांची नावं पुकारताहेत. टिपू सुलतान मशिदीच्या बाजूने माणसांचा लोंढा येतो, कठड्यांपाशी दुभंगतो आणि न्यू मार्केटकडे निघून जातो. २०२५चा नोव्हेंबर संपत आला आहे. ऊन सोसवतं, म्हणून मुलं सावली न शोधता बसली आहेत.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले हे गलाई व्यावसायिक. दुष्काळाने घराबाहेर काढलेली विटा-आटपाडीकडची माणसं देशभरातल्या सराफ पेठांमध्ये सोनं-चांदी गाळत बसली आहेत, त्यांतलेच एक. सातवी झाली आणि चुलत्याबरोबर रेल्वेत बसले, ते थेट कलकत्त्याला उतरले. बहुबाजारात त्यांची भट्टी आहे. भट्टीच्या ब्लोअरची मोटर त्यांनी मघाशी इथल्या चांदनी चौकात दुरुस्तीला टाकली आहे. ती होईपर्यंत मला एस्प्लनेड दाखवायचं म्हणून आम्ही चालत निघालो आणि या पुठ्ठ्यापाशी थांबलो.

"इच्यारू का तिला?" मामा म्हणतात आणि माझ्या होकाराची वाट न बघता कठड्यावर हात टेकून बंगालीत बोलायला लागतात.

मुलगी मुर्शिदाबादची. इतिहासात एमए, मग बीएड. ती भराभर बोलते, मामा तुकड्यातुकड्याने सांगतात. पश्चिम बंगालच्या स्कूल सर्व्हिस कमिशनने नववी ते बारावीच्या शिक्षकांसाठी २०१६ नंतर परीक्षाच घेतली नाही. थेट २०२५च्या ७ आणि १४ सप्टेंबरला घेतली. जागा ३५,७२६. लेखी परीक्षेत तिला चांगले गुण आहेत, पण मुलाखतीच्या यादीत नाव नाही, कारण आधी शिकवलेल्यांना अनुभवाचे दहापर्यंत गुण मिळतात आणि तिची त्या रकान्यातली पाटी कोरी आहे.

"ती म्हंती," मामा माझ्याकडे वळतात, "परीक्षा नऊ वरसं तुमीच घेतली न्हाई, मग अनुभव मी आनू कुटनं?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडेच असेल असं वाटत नाही.

हा दहा गुणांचा हिशेब समजून घ्यायला हवा. २०१६च्या नियमांत लेखी परीक्षेला ५५ गुण होते, पदव्यांमधल्या टक्केवारीला ३५ आणि मुलाखतीला १०. २०२५च्या नियमांत लेखी ६०, पदव्यांना फक्त १०, मुलाखतीला १०, अनुभवाला १० आणि वर्गात पाठ घेऊन दाखवण्याला १०. पदवीचं वजन एका फटक्यात ३५ वरून १० वर आलं. पदवी मोठी की अनुभव मोठा, हा वाद आपण लग्नाच्या पंगतीत घालतो आणि पान उचलेपर्यंत विसरतो. इथे सरकारने त्याचं उत्तर राजपत्रात छापलं आहे. दोन्ही दहा-दहा.

पण हे उत्तर शिक्षणाच्या विचारातून आलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खुपतं. ते एका घोटाळ्याच्या पोटातून आलं आहे. २०१६च्या परीक्षेत उत्तरपत्रिकांचे गुण फिरवले गेले, गुणवत्ता यादीत मागे असलेले पुढे गेले, यादीत नसलेलेही नोकरीला लागले. डावललेले उमेदवार २०१९मध्ये इथून जवळच मेयो रोडवर २९ दिवस उपोषणाला बसले. पुढे तिथल्याच गांधीजींच्या पुतळ्यापाशी त्यांचं धरणं हजार दिवसांच्या वर चाललं. हजाराव्या दिवशी, डिसेंबर २०२३मध्ये, एका उमेदवार बाईने भर रस्त्यात मुंडण करून घेतलं. माजी शिक्षणमंत्री पार्थ चॅटर्जी यांना जुलै २०२२मध्ये अटक झाली. आणि ३ एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने २५,७५३ शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द केल्या. मूळ उत्तरपत्रिका नष्ट केलेल्या होत्या. खरं कोण आणि खोटं कोण हे शेवटपर्यंत निवडण्याची सोयच कमिशनने ठेवली नव्हती. ज्यांच्यावर कसलाही ठपका नाही अशा शिक्षकांना वर्षअखेरपर्यंत शिकवण्याची मुभा मिळाली आणि पुन्हा परीक्षेला बसायला सांगण्यात आलं.

त्यांतले एक आम्हाला बसतळापाशी चहाच्या टपरीवर भेटतात. चाळिशीच्या आसपासचे, बांकुड्याकडच्या शाळेतले गणिताचे मास्तर. कागदपत्रांच्या पडताळणीला आले होते, आता परतीच्या बसची वाट बघताहेत. मातीच्या भांड्यातला चहा फुंकत ते आधी माझीच चौकशी करतात. महाराष्ट्रातून आले म्हटल्यावर विचारतात, तुमच्याकडे अनुभवाला किती गुण?

शून्य, मी सांगते. आमच्याकडची टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणी, २०० गुणांची, पर्याय निवडायची. विनाअनुदानित शाळेत दहा वर्षं फुकट राबलेला मास्तर आणि काल बीएड झालेला मुलगा तिथे एकाच रेषेवर उभे राहतात. मास्तर मान हलवतात. त्यांना हे फारसं न्यायाचं वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही.

मी त्यांना विचारते, इतकी वर्षं शिकवून नेमकं काय मिळालं? ते थोडा वेळ गप्प राहतात. मग एका पावतीच्या पाठीवर पेनने लिहितात: १/२ + १/३ = २/५.

"पहिल्या वर्षी आठवीला अपूर्णांक शिकवले," ते हिंदीत सांगतात. "सगळ्यांनी माना डोलावल्या. चाचणीत अर्ध्या वर्गाने हे लिहिलं. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. मी पुन्हा रीत शिकवली. पुन्हा तेच. आता मी सुरुवातच या चुकीपासून करतो. फळ्यावर लिहितो आणि विचारतो, अर्धी रोटी होती, तिच्यात आणखी घातली, मग ती अर्ध्याहून कमी कशी झाली? दोन मिनिटं वर्ग गप्प असतो. मग शेवटच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं."

मी ती पावती मागून घेते. त्यांचं एमएस्सी त्यांना अपूर्णांकांची बेरीज शिकवून गेलं होतं. मूल ती कुठे चुकतं, हे त्यांना त्या आठवीच्या वर्गाने शिकवलं. पण त्या चुकीचा धागा पकडून एका ओळीत ती मोडायची, तर गणित पक्कं असावं लागतं. या कागदावर पदवी कुठे संपते आणि अनुभव कुठे सुरू होतो, हे मला दाखवता येणार नाही.

"ती पोरं तिकडं बसल्यात," मामा त्यांना म्हणतात, "तुमचे दहा गुण काडा म्हंत्यात."

मास्तरांचा चेहरा कठीण होतो. "मी ते सोडणार नाही," ते म्हणतात. "माझा दोष नसताना माझी नोकरी गेली. घरचं कर्ज चालू आहे. माझ्याहून कितीतरी लहान मुलांच्या शेजारी बसून मी पेपर लिहिला. या दहा गुणांशिवाय माझ्या हातात दुसरं काय आहे?"

तेही खरं आहे. त्यांचं नुकसान भरून द्यायलाच हवं. पण ते नुकसान कुणी केलं? ज्यांनी उत्तरपत्रिका बदलल्या आणि ज्यांनी त्या बदलू दिल्या, त्यांनी. भरपाई त्यांच्याकडून, सरकारच्या तिजोरीतून व्हायला हवी होती. ती मुर्शिदाबादच्या त्या मुलीच्या पदरातून काढून दिली जाते आहे, आणि मग ती मुलगी आणि हे मास्तर एकमेकांचे वैरी ठरतात. शंभर पावलांवर दोघंही बसली आहेत आणि दोघांचंही कुठे चुकलेलं नाही.

मला राहून राहून माझी मैत्रीण आठवते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची वीस वर्षं झाली. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. परवाच्या २३ नोव्हेंबरला ती परीक्षेला बसली. पहिलीच्या मुलाला पेन्सिल धरायला शिकवणाऱ्या हातात तिने पर्यायांचे गोल काळे करायला पेन धरलं. तिने कुरकूर केली नाही, अभ्यास केला. पण तिच्या वीस वर्षांकडे कुणी बघायला आलं नाही, याचं तिला वाईट वाटतं. आणि ती ज्या परीक्षेला बसली, तिचीही अब्रू आपण राखलेली नाही. २०१९-२०च्या टीईटीत पैसे देऊन उत्तीर्ण झालेले ७,८०० हून अधिक उमेदवार सापडले आणि परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्तच अटकेत गेले. बंगालकडे बोट दाखवायला आपल्याला जागा नाही.

चांदनी चौकात परत जाताना मामा बराच वेळ बोलत नाहीत. मेट्रोच्या पायऱ्यांपाशी ते थांबतात.

"ताई, एक सांगू? अनुभव अनुभव म्हंत्यात, पर वरसं मोजून अनुभव कळत न्हाई. आमच्या धंद्यात दहा वरसं चुकीचं गाळनाराबी हाय. आन दोन वरसांत हात बसलेलं पोरगंबी हाय."

"मग तुम्ही कारागीर ठेवता तेव्हा काय बघता?"

"कसोटीवर घासून दावायचा डाग. पोरगं टंच सांगतंय. मग मशिनीत बगायचं. बरुबर आलं तर ठेवायचं. कुटं शिकला, किती वरसं केलं, ते मागनं इच्यारायचं."

आणि लगेच, मी न विचारताच, ते दुसरी बाजूही सांगतात. १६ जून २०२१पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला. तेव्हापासून दागिन्याच्या शुद्धतेवर शिक्का मारायचा हक्क मान्यताप्राप्त केंद्राचा. मामांचा डोळा चुकत नाही, पण त्यांच्या डोळ्याला शिक्का नाही. "आन ते बरुबरच हाय," ते म्हणतात. "गिऱ्हाइकानं माज्या डोळ्यावर का इस्वास ठेवावा? त्याला कागूद पायजे." त्यांचा नातू बारावीला आहे. तो भट्टीवर बसणार नाही, रसायनशास्त्र शिकणार आहे, असं ते अभिमानाने सांगतात.

चांदनीतल्या त्या बोळात मोटर तयार आहे. दुरुस्त करणारा विशीतला मुलगा ती जोडतो, बटण दाबतो, कान लावून ऐकतो. त्याचे उस्ताद आतून न बघताच ओरडतात, बेअरिंगमध्ये अजून आवाज आहे. मुलगा मुकाट्याने मोटर पुन्हा खोलतो. मामा स्टूल ओढून बसतात, आम्हाला घाई नाही.

मी हिशेब करत राहते. कमिशनच्या शंभर गुणांमध्ये मामांच्या कसोटीला जागा आहे, पाठ घेऊन दाखवण्याच्या १० गुणांत. त्या दहा गुणांत मुर्शिदाबादची मुलगी आणि बांकुड्याचे मास्तर दोघांनाही उभं राहता येतं. तिला कुणी विचारणार नाही की आधी कुठे शिकवलंस. त्यांची इतकी वर्षं खरी असतील तर फळ्यापाशी आपोआप दिसतील. अनुभवाचे गुण वर्षं मोजून द्यायचे आणि वर्गातल्या कामाला तेवढेच ठेवायचे, हे मला पटत नाही. वर्षांचे गुण काढून ते पाठाच्या गुणांत घाला, आणि निर्दोष शिक्षकांची भरपाई वेगळी, पैशाने आणि सेवाज्येष्ठतेने करा. अर्थात पाठ बघणारा माणूस विकला गेला तर हेही कोसळेल. म्हणून पाठाचं चित्रीकरण व्हावं आणि ते जपून ठेवावं. उत्तरपत्रिका नष्ट केल्याने काय झालं ते आपण इथे रस्त्यावर बसलेलं बघतो आहोत.

आपल्याकडे पवित्र पोर्टलवरून मुलाखतीसह होणाऱ्या शिक्षक भरतीत खासगी संस्थांच्या हातात मुलाखत आणि अध्यापन कौशल्याचे ३० गुण असतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा निवड समितीवर बसत असेल, तर माझी विनंती आहे: उमेदवाराला रिकाम्या खोलीत तुमच्यासमोर पाठ घ्यायला लावू नका. खरा वर्ग द्या, खरी मुलं बसवा, शेवटच्या बाकावर तुम्ही बसा, आणि फाइल त्यानंतर उघडा.