शोभायात्रेतील क्लॅरिनेट आणि आपली पट्टी

चैत्र शुद्ध त्रयोदशीस भगवान महावीरांची शोभायात्रा निघते. बँडमधील क्लॅरिनेट स्तवनाची चाल उचलते आणि मागून चालणाऱ्या भगिनी गाऊ लागतात. पुष्कळदा मात्र आवाज ताणले जातात, स्वर जुळत नाहीत आणि दोष गाणाऱ्यांच्या माथी येतो. कारण अनेकदा पट्टीच्या निवडीत असते.

हार्मोनियमवर कोणतीही पट्टी षड्ज मानून तितक्याच सहजतेने गाता येते. क्लॅरिनेटची नळी ठरलेल्या लांबीची, म्हणून त्याची सोयीची पट्टीही ठरलेली. वादक ज्यास ‘बी फ्लॅट’ म्हणतात ते आपल्या भाषेत काळी पाचचे. त्याची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर. ‘ई फ्लॅट’ म्हणजे काळी दोनचे, सुमारे ४९ सेंटिमीटर. पाश्चात्त्य वाद्यवृंदात पांढरी सहाचेही असते. ते थोडे अधिक लांब. बोटे तीच, स्वर निराळे. आणि आपापल्या अपेक्षेने सारेच खरे. अनेकान्ताच्या उपासकांस हे निराळे सांगावयास नको.

नादही बदलतो. आखूड नळीचा स्वर तीक्ष्ण, गर्दीतून आरपार जाणारा. बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराने १८३० मधील सिंफनीत उपहासासाठी हेच छोटे क्लॅरिनेट योजले. उलट मोझार्टने १७९१ मध्ये आपली क्लॅरिनेटची प्रसिद्ध रचना पांढरी सहाच्या मृदू नादाच्या वाद्यासाठी केली. रस्त्यावर तीक्ष्ण नाद उपयोगी. मंदिरातील पूजेस मोठ्या वाद्याचा सौम्य नादच शोभतो.

आता व्यवहाराचे. भगिनींनी पांढरी सहात स्तवन धरले, तर काळी पाचच्या वाद्यावर बिलावलाच्या सरळ सप्तकासाठीही सातांपैकी पाच स्वर बदलून घ्यावे लागतात. तेच स्तवन अर्धा स्वर चढवून काळी पाचमध्ये घेतले, तर एकही नाही. पुरुषांनी काळी दोन धरली, तर केवळ एकच. अर्ध्या स्वराच्या तडजोडीने वादकाचे कष्ट वाचतात आणि सूर निर्मळ राहतो.

त्यात नागपूरचा चैत्र! हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. २० अंशांना सेकंदास सुमारे ३४३ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५. नळीत श्वासाची ऊब आधीच असल्याने प्रत्यक्ष फरक कमी पडतो, तरी स्वर चढतोच. वादक तोंडाजवळचा सांधा किंचित बाहेर ओढून तो उतरवतो. परंतु त्यामुळे नळीच्या वरच्या भागातून निघणारे स्वर अधिक उतरतात, खालचे कमी. म्हणून फार ओढून चालत नाही. आखूड वाद्यात तर तेवढ्याच ओढण्याचा परिणाम मोठा.

यासाठी आयोजकांस एवढीच विनंती : बँड ठरवतानाच वादकास त्याचे वाद्य कोणत्या पट्टीचे आहे हे विचारावे, स्तवनांचा षड्ज त्याच्याशी बोलून ठरवावा, एकदा एकत्र तालीम घ्यावी आणि यात्रा निघेपर्यंत वाद्ये सावलीत ठेवू द्यावीत. स्वर आवाक्यात असला, तर लहानथोर सारेच मोकळ्या कंठाने गातील.