सुरीच्या पात्याला उतार देण्याचा घरगुती साचा

बकरीद जवळ आली की प्रत्येक वस्तीत धार लावणाऱ्याच्या चाकापाशी रांग लागते. जबह करण्यापूर्वी सुरीला धार लावून जनावराचा त्रास कमी करण्याची ताकीद सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या रिवायतीने आलेली आहे आणि ती आपल्या लहान मुलांनाही माहीत असते. परंतु धार म्हणजे पात्याची फक्त शेवटची रेघ. तिच्यामागे पाते जाड असेल तर चाकावर कितीही फिरवा, सुरी कापण्याऐवजी पाचरीसारखी अडते. खरे काम मणक्याकडून धारेकडे पाते पातळ करत नेण्याचे, म्हणजे उताराचे असते.

हा विषय कापडाच्या व्यापाऱ्याने का हाती घ्यावा? आमच्या वस्तीतील एक तरुण ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून सुऱ्या बनवू लागला आहे. बेल्ट ग्राइंडर घेण्यासाठी तो व्याजी कर्ज काढणार होता आणि जामीन राहावे म्हणून आमच्याकडे आला. आम्ही त्याच्या सुऱ्या मागवून पाहिल्या. पोलाद चांगले, मूठ उत्तम, पण एका बाजूचा उतार उभा आणि दुसऱ्या बाजूचा आडवा. अशी सुरी कापताना एका अंगाला ओढते. दोन सुऱ्यांची टोके सहाणेवर तापून निळी पडली होती. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की निळे दिसते आणि तिथला कडकपणा उतरतो. मग ती धार टिकत नाही. हा दोष हाताचा होता. मशीन आणल्याने तो गेला नसता, वेगाने वाढला असता. जामिनाचे नंतर पाहू, आधी साच्यावर दहा सुऱ्या करून आण, असे आम्ही त्याला सांगितले.

हा साचा, ज्याला वर्कशॉपमध्ये जिग म्हणतात, विजेशिवाय चालतो. अडीच फूट लांब व आठ इंच रुंद जाड फळी घ्यावी. फळीच्या मागच्या टोकाशी, रुंदीच्या मधोमध, भोक पाडून गोल डोळ्याचा बोल्ट उभा बसवावा. फळीच्या वर एक आणि खाली एक नट असला की डोळा हवा तेवढा उंच करता येतो. १२ इंची जाड दात्यांची सपाट कानस घ्यावी व तिच्या पाठीवर ८ मिलिमीटर जाडीची तीन फुटी सरळ सळई दोन पाइप क्लिपांनी घट्ट आवळावी. एक क्लिप मुठीजवळ, दुसरी अगदी टोकाला, म्हणजे मधली नऊ-दहा इंच कानस मोकळी राहते. सळईचे पुढचे टोक डोळ्यातून जाते. झाला साचा. कानस नवी घ्यावी, बाकी सामान भंगारबाजारात मिळते.

पाते फळीच्या पुढच्या कडेला आडवे ठेवायचे, धारेची बाजू आपल्याकडे आणि अगदी कडेशी. मुठीचा भाग सी-क्लॅम्पने दाबावा. मणक्यामागे दोन खिळे ठोकावेत, पण त्यांची डोकी पात्याच्या वर येऊ देऊ नयेत, नाहीतर कानशीचे दात जातील. कानस पुढे ढकलतानाच दाबायची, परत आणताना उचलायची. दात्यांत खडू घासला तर कीस अडकत नाही.

आता हिशेब. उर्दू शाळेत आम्ही कोनाला ‘ज़ाविया’ म्हणायला शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. तो इथे कामाला आला. पाते ४ मिलिमीटर जाड आहे आणि उतार २५ मिलिमीटर रुंद हवा आहे असे धरा. धार या टप्प्यावर शून्यावर आणायची नाही, अर्धा मिलिमीटर जाड ठेवायची, कारण पुढे भट्टीतून काढून तेलात बुडवताना पातळ कड वाकते किंवा तडकते. म्हणजे एका बाजूने पावणेदोन मिलिमीटर काढायचे. १.७५ भागिले २५ म्हणजे ०.०७, कोन सुमारे ४ अंश. कोनमापकाची गरज नाही. उतार जिथे सुरू होतो तिथून डोळा ५०० मिलिमीटरवर असेल तर ५०० गुणिले ०.०७, म्हणजे ३५ मिलिमीटर चढ.

बहुतेकांचे इथेच चुकते. सळई कानशीच्या पाठीवर आहे, पोटावर नाही. कानशीची जाडी ६ आणि सळईची अर्धी जाडी ४, असे १० मिलिमीटर त्यात मिळवावे लागतात. म्हणून डोळ्यातल्या सळईचा मध्य पात्याच्या वरच्या अंगापासून ४५ मिलिमीटर उंच हवा, फळीपासून मोजल्यास ४९. हे दहा मिळवले नाहीत तर उतार चार अंशांऐवजी तीनाच्याही खाली येतो.

सळई लांब ठेवण्यात मोठा फायदा आहे. डोळ्यात २ मिलिमीटरचा ढिलेपणा असला तरी अर्ध्या मीटरवर तो पाव अंशाच्या आतच राहतो. तोच ढिलेपणा १०० मिलिमीटरच्या आखूड साच्यात एक अंशाहून जास्त होतो. जागा वाचवण्यासाठी साचा आखूड करू नये.

कुठवर घासायचे? ४ मिलिमीटरच्या पात्यासाठी ४.५ मिलिमीटरचे ड्रिल घ्या. पाते आणि ड्रिल दोन्ही सपाट काचेवर आडवे ठेवून ड्रिलच्या टोकाने धारेच्या कडेवर रेघ ओढा, पाते उलटून दुसरी ओढा. दोन रेघांमध्ये बरोबर अर्धा मिलिमीटर उरतो. प्रत्येक बाजू आपल्या जवळच्या रेघेपर्यंत उतरवायची. दुसऱ्या बाजूच्या वेळी खालचा उतार अधांतरी राहतो, तिथे पातळ पाचर सरकवावी, नाहीतर पाते थरथरते.

टोकाकडे मात्र साचा दगा देतो. धार वर वळते तिथे उतार अरुंद होतो आणि टोक जाड राहते. क्लॅम्प सैल करून पाते थोडे फिरवावे, टोकाची कड फळीच्या कडेला समांतर आणावी आणि तेवढाच भाग पुन्हा घासावा. यात हाताचे कसब लागतेच.

कमानपाट्याचे पोलाद आधीच कडक केलेले असते, ते तसेच घासले तर कानस बोथट होईल. लोहाराकडून ते पाते हव्या जाडीचे करून घ्यावे, चुंबक चिकटेनासे होईपर्यंत लाल तापवावे आणि राखेत पुरून रात्रभर सावकाश थंड होऊ द्यावे. उतार झाल्यावर पुन्हा तेवढेच तापवून तेलात बुडवायचे आणि लगेच सुमारे २०० अंशांवर दोन तास शेकायचे. घासलेल्या अंगावर फिकट गवती रंग आला म्हणजे शेक बरोबर बसला. शेवटची धार पाण्याच्या दगडावर, दर बाजूला सुमारे २० अंशांनी.

विकणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोजल्या जातात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी घडवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. तेव्हा माल कोणत्या कामाचा हे घडणीत दिसावे आणि पक्क्या बिलावर लिहिलेले असावे. आमच्या त्या तरुणाने सहा इंची पात्यापासून सुरुवात केली, हे आम्हाला पसंत पडले.

पहिल्या पात्याला त्याचा सगळा दिवस गेला आणि हाताला फोड आले. सातव्या पात्याच्या दोन्ही बाजू आम्ही कॅलिपरने मोजल्या, फरक मिळाला नाही. मशीनचा विचार त्याने सोडलेला नाही, पण जामिनासाठी तो अद्याप पुन्हा आलेला नाही.