वारसा ठरवणाऱ्याचा पगार कोण ठरवतो?

बुसैतीन हे बहरीनमधल्या मुहर्रक बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, समोर पाण्यापलीकडे मनामा. किंग हमद विद्यापीठ रुग्णालय इथेच आहे. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचे वडील कोल्हापुरात वारले, की वारस दाखल्याचा अर्ज जातो तिथल्या दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात. हा दाखला ज्या कायद्याने मिळतो तो मुंबई इलाख्याचा, 1827 सालचा.

एकेकाळी खुद्द बहरीनही कायद्यापुरते मुंबई इलाख्याला जोडलेले होते. 1913 च्या ब्रिटिश फर्मानाचा अंमल 1919 मध्ये सुरू झाला, आणि ब्रिटिश-हिंदी प्रजेसाठी बहरीन जणू त्या इलाख्यातला एक जिल्हा ठरले. तिथला ब्रिटिश पोलिटिकल एजंट हाच न्यायाधीश. त्याचा पगार हिंदुस्थान सरकार देई आणि सरकारचे धोरणही तोच राबवी. खरा दोष इथेच होता. आज बहरीनमध्ये मुस्लिमांचे वारसा हक्क सुन्नी आणि जाफरी शरिया न्यायालये ठरवतात. न्यायाधीशांची नेमणूक सर्वोच्च न्यायिक परिषदेच्या शिफारशीवरून राजा करतो.

न्यायाधीशाची मिळकत खटल्याच्या निकालावर अवलंबून असली तर काय होते? ओहायोत न्यायनिवाडा करणाऱ्या एका महापौराला आरोपी दोषी ठरला तरच फी मिळे. 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. अमेरिकेतल्याच जॉर्जियात वारसा न्यायाधीशाचा किमान पगार काउंटीच्या लोकसंख्येवर ठरतो, म्हणजे मृताची इस्टेट केवढी हा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडेही दाखल्याची कोर्ट फी सरकारी तिजोरीत जाते, न्यायाधीशाचे वेतन वेगळे.

पण ते वेतन ठरवायचे कोणी? ऑल इंडिया जजेस असोसिएशनने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. 1993 मध्ये न्यायालयाने बजावले, की न्यायाधीश हे सरकारी कर्मचारी नव्हेत, त्यांची तुलना मंत्री आणि आमदारांशी करावी. न्यायाधीशांच्या वेतनासाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाच्या शिफारशी 2002 मध्ये मान्य झाल्या. पुढे न्या. वेंकटराम रेड्डी आयोगाने 2020 मध्ये अहवाल दिला. वेतनश्रेणी 2022 मध्ये मंजूर झाली, लागू 1 जानेवारी 2016 पासून. कनिष्ठ स्तरावरच्या दिवाणी न्यायाधीशाचे सुरुवातीचे मूळ वेतन 27,700 रुपयांवरून 77,840 झाले, वरिष्ठ स्तरावर 1,11,000.

साडेसहा वर्षांची ही थकबाकी राज्यांना टप्प्याटप्प्याने चुकवायला सांगावी लागली. अशी वेळ पुन्हा येऊ नये, असे मनापासून वाटते. जानेवारी 2024 च्या निकालाने प्रत्येक उच्च न्यायालयात सेवाशर्तींसाठी समिती नेमायला लावली. तिच्यातल्या दोन न्यायमूर्तींपैकी एकाने पूर्वी जिल्हा न्यायालयात काम केलेले असावे, अशी अट आहे.